ट्रॉलीचे मागचे लाईट: बल्ब बदलणं थांबवा, अर्थ (अर्थिंग) धरा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका हेडला (ट्रॅक्टरला) उसाच्या दोन ट्रॉल्या आहेत, खेपा धारूरकडून माजलगावकडं. मागच्या ट्रॉलीचे लाईट कधी लागतात, कधी नाही. ब्रेक दाबला की ट्रॉलीचा इंडिकेटर मिणमिणतो. हेडलाईट चालू असताना ब्रेक दाबला तर मागचा लाल दिवा उलट विझतो. मधूनच फ्यूज उडतो. दर हंगामाला नवीन वायर, नवीन बल्ब, आणि डिसेंबर उजाडला की पुन्हा तेच. वायरमन म्हणतो कॉम्बिनेशन स्विच (लाईट-इंडिकेटरचा एकत्र खटका) गेला, दुकानदार म्हणतो सगळं एलईडी करून टाका. खरं कुणाचं धरायचं?

दोघांचंही आत्ताच धरू नका. स्विच गेला असता तर ट्रॅक्टरचे स्वतःचे मागचे लाईटही बिघडले असते आणि ट्रॉली सोडल्यावरही खोड तशीच राहिली असती. तुम्हीच लिहिलंय की मोकळं हेड फिरवलं तर सगळं ठीक चालतं. म्हणजे घोटाळा सॉकेटच्या मागं आहे. आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणणं ही अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसला परतीची वाट, तुटल्याची अगदी पक्की खूण आहे.

असं का होतं ते एकदा नीट समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. ब्रेक दाबला की करंट ब्रेकच्या वायरनं ट्रॉलीच्या बल्बपर्यंत येतो, फिलामेंटमधून जातो आणि होल्डरच्या पत्र्यावर उतरतो. तिथून त्याला बॅटरीच्या मायनसला परत जायचं असतं. परतीची वाट बंद असेल तर तो गप्प बसत नाही. त्याच पत्र्यावर इंडिकेटरचा आणि टेल लाईटचा बल्बही बसलेला असतो. करंट त्यांच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, त्यांच्या वायरनं मागं ट्रॅक्टरपर्यंत येतो आणि ट्रॅक्टरच्या बल्बमधून अर्थ गाठतो. वाटेत दोन-तीन फिलामेंट लागल्यामुळं कुणालाच पुरतं व्होल्टेज मिळत नाही, म्हणून सगळे मिणमिणतात. हेडलाईटसोबत टेल लाईट लावलेला असतो तेव्हा त्याचा करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून अशीच चोरवाट काढत असतो. तेवढ्यात तुम्ही ब्रेक दाबला की त्या वायरवरही १२ व्होल्ट येतात, दोन्हीकडं दाब सारखा होतो, वाट बंद पडते आणि लाल दिवा विझतो. मागच्याला तुमचा ब्रेक दिसायला पाहिजे, त्याच वेळी त्याला अंधार दिसतो. ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

आता ट्रॉलीचा अर्थ जातो कुठून ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायरच टाकलेली नसते. सगळा भरवसा दांड्यावर (ट्रॉली ओढायच्या पुढच्या लोखंडावर) आणि हुकाच्या पिनवर. होल्डर पत्र्याला कसला, पत्रा चॅनलला (ट्रॉलीच्या खालच्या सांगाड्याला), चॅनल दांड्याला, दांड्याची रिंग पिनला, पिन ट्रॅक्टरला. झाला अर्थ, असा हिशोब. वाकून त्या पिनकडं एकदा बघा. वर काळं ग्रीस, त्यात रस्त्याची धूळ बसून झालेला लगदा, खाली गंज. ट्रॅक्टर ओढत असतो तेव्हा रिंग पिनला घट्ट चिकटते आणि लाईट लागतात. उताराला ट्रॉली पुढं सरकली, रिंग सैल पडली, लाईट गेले. खड्ड्यात दणका बसला, परत आले. तुमचं ‘कधी लागतात, कधी नाही’ ते हेच. हायड्रोलिक ट्रॉली असेल तर त्यात आणखी भर, कारण दिवे साठ्याला (वर उचलल्या जाणाऱ्या पेटीला) असतात आणि साठा ते चॅनल हा अर्थ बिजागराच्या पिनमधून जातो. तिथंही ग्रीस. दोन ट्रॉल्या म्हटल्यावर मागच्या दिव्यांचा अर्थ दोन-दोन पिनांतून आणि दोन-तीन गंजक्या बोल्टांतून येणार. तो टिकला तर नवल.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. चांगली जाड वायर घ्या, ट्रॉलीच्या पूर्ण लांबीची. एक टोक बॅटरीच्या मायनसला किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनला घासून चकचकीत केलेल्या बोल्टवर. दुसरं टोक मागच्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला टेकवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. लाईट एकदम लख्ख झाला, इंडिकेटरचं मिणमिणणं थांबलं, तर निदान झालं. फरक पडला नाही तर प्लसच्या बाजूला शोधायचं.

इथं टेस्टरबद्दल एक सांगतो, कारण बहुतेक जण इथंच फसतात. डिजिटल मीटर लावून ‘१२ व्होल्ट येतायत, वायर ठीक आहे’ असं ठरवू नका. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. सॉकेटमध्ये हिरवा कीट चढून तीन ओहमचा अडथळा तयार झाला असला तरी मीटर १२ च दाखवणार. त्याच जागी २१ वॅटचा बल्ब लावला की सव्वा अँपिअरच्या आसपास करंट वाहायला लागतो आणि बल्बपाशी आठ-साडेआठ व्होल्टच उरतात. छोट्या एलईडीच्या पेनटेस्टरचंही तेच, तो सडक्या वायरवरही आनंदानं पेटतो. मी अजूनही एक होल्डर, त्यात २१ वॅटचा बल्ब, दोन हात वायर आणि दोन चिमटे एवढंच घेऊन तपासतो. बल्ब पूर्ण पेटला तर लाईन खरी, पिवळट पेटला तर खोटी. मीटर वापरायचाच असेल तर दिवे चालू ठेवून वापरा. एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी ट्रॉलीच्या होल्डरच्या पत्र्यावर. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ चांगला. दोन-तीन व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट तुमचा गंज खातोय.

सॉकेटकडं वळू. ट्रॅक्टरच्या मागं जे गोल सात पिनचं सॉकेट असतं त्याची एक ठरलेली मांडणी आहे आणि आत प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात. १ नंबर डावा इंडिकेटर, वायर पिवळी. २ नंबर मागच्या फॉग लाईटसाठी, निळी. ३ नंबर अर्थ, पांढरी. ४ उजवा इंडिकेटर, हिरवी. ५ उजवा टेल, तपकिरी. ६ ब्रेक, लाल. ७ डावा टेल, काळी. परत वाचा: अर्थ पांढरी, काळी म्हणजे डावा टेल लाईट. आपल्याकडं काळी वायर दिसली की हात आपोआप बॉडीकडं जातो. तयार सात कोअरची केबल आणली, ट्रॅक्टरकडं रंग कंपनीप्रमाणं जोडलेले, ट्रॉलीकडं कुणीतरी काळी थेट चॅनलला कसली. मग लाईटचा खटका ओढला की फ्यूज गेलाच. तुमचा फ्यूज मधूनच उडतो, खटका ओढताक्षणी नाही, म्हणून तुमच्याकडं हे नसावं, पण एकदा बघून घ्या. दुसरी फसगत म्हणजे सॉकेट समोरून बघितलं तर आकडे एका दिशेनं फिरतात आणि मागून, जिथं स्क्रू असतात तिथून, उलट्या. त्यामुळं चित्रावरून जोडू नका, कोरलेला आकडा वाचून जोडा. आणि हे सगळं कंपनीच्या मांडणीबद्दल झालं. जुन्या हेडवर चार-पाच हात फिरलेले असतात. २ नंबरला कुणी नांगराच्या लाईटसाठी कायमचा प्लस देऊन ठेवलेला असतो. रंगावर विसंबू नका, प्रत्येक पिन बल्ब लावून तपासा आणि सापडलेली मांडणी टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत रंगानं लिहून ठेवा.

प्लगच्या पितळी पिना बघा, मधून चिरलेल्या असतात. ती चीर स्प्रिंगचं काम करते. वर्षानुवर्षं घालून-काढून ती मिटते आणि पिन सैल बसते. पातळ पात्यानं चीर किंचित उघडा, प्लग घट्ट बसेल. जोर लावलात तर पिन तुटेल. हिरवा कीट पॉलिश पेपरनं काढा, पितळ पिवळं दिसेपर्यंत. वर व्हॅसलिनचा पातळ हात पुरे. ग्रीसनं सॉकेट भरून टाकणारे आहेत, त्यात उसाच्या पाचटाचा भुसा आणि काळी माती बसते, मग ते कीट परवडलं. सॉकेटच्या झाकणाची स्प्रिंग गेली असेल तर सॉकेटच बदला. झाकण नसलेलं सॉकेट म्हणजे धुळीला आमंत्रण.

मागच्या ट्रॉलीचे दिवे लागले तरी मंद लागतात, असंही तुम्ही लिहिलंय. अर्थ दुरुस्त करूनही ते थोडे मंद राहतील, कारण वायर बारीक आहे. हिशोब करून दाखवतो. मागच्या ट्रॉलीचे दोन ब्रेक बल्ब, प्रत्येकी २१ वॅट, मिळून साडेतीन अँपिअर. ट्रॅक्टरपासून तिथपर्यंत वायर साधारण १५ मीटर धरा. बाजारात स्वस्त मिळते ती अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला ०.०३७ ओहमच्या आसपास अडथळा करते. १५ मीटरला झाले साधारण ०.५५ ओहम. गुणिले साडेतीन, म्हणजे जवळपास दोन व्होल्ट जाताना गेले. परतीची वायरही तसलीच असेल तर आणखी दोन. १२ चे उरले आठ. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगानं पडतो. दोन तृतीयांश व्होल्टेजला उजेड चौथाईवर येतो. मागून येणाऱ्या जीपवाल्याला लाल ठिपका दिसतो, तोही जवळ आल्यावर. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर एका बाजूची घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते. ब्रेक आणि अर्थ या दोन वायरी अडीचच्या, बाकीच्या दीडच्या, एवढी जाडी पुरते. अर्थ स्वतंत्र ओढा. ३ नंबरच्या पिनपासून निघून पहिल्या ट्रॉलीच्या चॅनलला एक थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी), पुढं दुसऱ्या ट्रॉलीचं सॉकेट, तिथून तिच्या चॅनलला एक थिंबल आणि शेवटी प्रत्येक दिव्याच्या होल्डरला. थिंबल कसायची जागा रंग खरवडून पांढरी करायची, दातेरी वॉशर घालायचा, नट घट्ट झाल्यावर वरून रंग मारायचा. आधी रंग मारून मग कसू नका.

आता फ्यूज. उडाला की जाड फ्यूज घालणं किंवा बाईंडिंगची तार गुंडाळणं हा आपल्याकडचा आवडता इलाज. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरसाठी असतो. तार घातली तर पुढच्या शॉर्टला वायरिंगच पेटणार, आणि वर वाळलेलं पाचट लोंबत असतं. ट्रॉली पेटायला आणखी काय लागतं?

मधूनच होणारा शॉर्ट शोधायची युक्ती सोपी आहे आणि फ्यूजचा डबा रिकामा करण्यापेक्षा स्वस्त. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांत तोच २१ वॅटचा टेस्ट बल्ब जोडा. ट्रॅक्टरचे आणि ट्रॉलीचे त्या लाईनचे सगळे बल्ब काढून घ्या. खटका चालू करा. लाईन निर्दोष असेल तर टेस्ट बल्ब विझलेलाच राहील. शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटेल, आणि काही जळणारही नाही, कारण करंट बल्बनंच अडवलाय. आता वायर हातानं हलवत दांड्यापासून मागं चला. जिथं हलवल्यावर बल्ब पेटतो किंवा विझतो, तिथं साल सोललेली आहे. जागा ठरलेल्या असतात. दांड्याच्या टोकाला, जिथं वळणावर केबल हुकात दाबली जाते. चॅनलला भोक पाडून वायर घातलीय पण रबरी बुश घातला नाही, त्या भोकाच्या कडेला. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) वर, जिथं भरलेली ट्रॉली बसली की वायर पाट्याला टेकते. रिकाम्या ट्रॉलीला हा शॉर्ट सापडतच नाही, म्हणून भरल्या ट्रॉलीला तपासा. आणि फाळक्याच्या (मागच्या उघडणाऱ्या दाराच्या) बिजागरापाशी. तुमचा फ्यूज ‘मधूनच’ जातो, तेव्हा मी आधी दांडा आणि मग पाटे बघेन.

बल्बाबद्दल फार सांगायचं नाही, तीनच गोष्टी. मोठ्या ट्रकचा बल्ब बहुधा २४ व्होल्टचा असतो, ट्रॅक्टरचा १२. हायवेच्या दुकानात घाईत मागितला तर हातात २४ चा पडू शकतो. तो १२ वर पेटतो, पण काजव्यासारखा, आणि तुम्ही वायर शोधत बसता. बल्बच्या पितळी बुडावर आकडा वाचूनच घ्या. दुसरं, टेल आणि ब्रेक एकत्र असलेल्या २१/५ वॅटच्या बल्बच्या दोन बाजूच्या खुंट्या मुद्दाम खाली-वर असतात, म्हणजे उलटा बसू नये. होल्डर झिजला की दाबून तोही उलटा बसतो, मग टेल लाईट लख्ख आणि नुसता ब्रेक दाबला की मंद. तिसरं, एका फिलामेंटचा बल्ब दोन टिकल्यांच्या होल्डरमध्ये कोंबला तर खालचा एकच मोठा टिकला दोन्ही संपर्क जोडतो. ब्रेक दाबला की टेलही लागतो, डॅशबोर्डचे दिवे लागतात, आणि माणूस स्विच बदलतो. तुमच्या वायरमनला कॉम्बिनेशन स्विचचा संशय यावा असं काही दिसलं असेल तर कदाचित हेच.

इंडिकेटरची टिकटिक एका बाजूला एकदम जलद झाली असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय किंवा त्याची वायर सुटलीय. दोन ट्रॉल्या जोडल्यावर दोन्ही बाजूंना चाल बदलत असेल तर फ्लॅशर (टिकटिक करणारी डबी) कमी पडतोय. ट्रॅक्टरचे पुढचा-मागचा दोन, ट्रॉल्यांचे दोन, म्हणजे एका बाजूला ८४ वॅट. फ्लॅशरच्या डबीवर तो किती वॅटचा ते छापलेलं असतं, वाचून घ्या.

एलईडीचं माझं मत: हो, लावा, पण सगळ्यात शेवटी. एलईडी दिवा फारच कमी करंट घेतो, त्यामुळं बारीक वायरीतली घट जवळजवळ नाहीशी होते. फिलामेंट नसल्यानं दणक्यानं तुटत नाही. उसाच्या रस्त्यांसाठी याहून चांगलं काही नाही. पण अर्थ तुटलेला असताना लावलात तर जुनीच भुतं नव्या कपड्यांत येतील. कधी बंद असताना फिकट जळतील, कधी एक लावला की दुसरा लागेल, कारण एलईडीला पेटायला सॉकेटमधल्या ओलाव्यातून झिरपणारा करंटही पुरतो. जुना फ्लॅशर एलईडीवर नीट चालत नाही, एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर सोबतच घ्या. आणि दिवा घेताना मागची बाजू बघा. आत पूर्ण डांबरासारखा रबर ओतून वायर बाहेर काढलेली असेल तर घ्या. नुसतं झाकण चिकटवलेलं असेल तर पहिल्या पावसात आत मासे पाळता येतील. साधे बल्बचे दिवे ठेवणार असाल तर काचेच्या खालच्या कडेला पाणी निघायचं बारीक भोक असतं, ते खालीच राहील असा दिवा बसवा. उलटा बसवलेला दिवा पाणी साठवतो, गरम बल्बला पाणी लागलं की काच तडकते.

केबल कशी टाकायची? ट्रॉलीच्या आतल्या अंगानं, चॅनलच्या पोटात, फ्लेक्झिबल पाईपमधून. हातभर अंतरावर क्लिप. बाहेरच्या कडेनं टाकलेली केबल मोळ्या चढवताना टोळीतल्या कुणाच्या तरी पायाखाली येते किंवा कारखान्याच्या गव्हाणीपाशी (ऊस टाकायच्या जागी) ऊस उतरवताना ओरबाडली जाते. दांड्यापाशी झोल किती ठेवायचा ते ट्रॅक्टर पूर्ण वळवून ठरवा, दोन्ही बाजूंना. सरळ उभ्या ट्रॅक्टरवर मोजलेली केबल शेताच्या बांधावर वळताना हमखास तुटते. जास्त झोल असेल तर तो सरीत घासतो. मी दांड्यावर मध्ये एक उभी सळई वेल्ड करून घ्यायला सांगतो, वर कडी, कडीला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं केबल टांगायची. ताण पडला तर ट्यूब ताणते, पिनातून वायर उपटत नाही.

जॉईंट जितके कमी तितकं बरं. नुसतं पिळून काळी टेप गुंडाळलेला जॉईंट मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही. एप्रिल-मे मध्ये टेपचा डिंक पातळ होऊन ओघळतो, टेप सुटते, जूनमध्ये पाणी आत जातं आणि तांबं काळं-हिरवं पडत सालीच्या आत वीतभर चढतं. म्हणून जुनी वायर परत जोडताना टोक कापत जा, लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत. नाही लागलं तर ती वायर टाका, पैसे वाचवायची ही जागा नाही. नव्या जॉईंटला दाबून बसवायची थिंबल आणि वरून आतून चिकट असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी. मागच्या टोकाला प्लास्टिकचा छोटा जंक्शन बॉक्स, तोंड खाली. पुढं कधी काही बिघडलं तर तिथं उघडून बघता येतं, अख्खी केबल फाडावी लागत नाही.

हे सगळं करूनही एक गोष्ट उरते, तिचा वायरिंगशी संबंध नाही. ऊस मागं इतका बाहेर येतो की दिवे वाढ्याखाली (उसाच्या शेंड्यांखाली) झाकले जातात. निर्दोष दिवा लागलेला असतो आणि कुणाला दिसत नाही. याला मला पटलेला उपाय म्हणजे काढता-घालता येणारी लाईटची पट्टी. चार फुटी लोखंडी किंवा लाकडी पट्टी, दोन टोकांना दोन एलईडी दिवे, मध्ये लाल रिफ्लेक्टर, स्वतःची केबल आणि प्लग. ऊस भरून, दोर आवळून झाला की पट्टी दोरालाच आकड्यांनी अडकवायची, प्लग ट्रॉलीच्या मागच्या सॉकेटला. कारखान्यावर नंबर लागला, गव्हाणीत जायच्या आधी काढून केबिनपाशी ठेवायची. दिवे फुटतही नाहीत. ड्रायव्हर कंटाळा करतात हे खरं, पण फुटलेल्या दिव्याचे पैसे कुणाच्या हिशोबातून जाणार हे आधी ठरवलं की कंटाळा कमी होतो.

रिफ्लेक्टर लावलेच पाहिजेत: मागं लाल, बाजूला पिवळे, पुढं पांढरे. पण रिफ्लेक्टर आहे म्हणून लाईट नको, असं नाही. मागच्याचा हेडलाईट त्याच्यावर पडला तरच तो दिसतो, आणि चिखलानं माखला तर तोही नाही. पावसाळी रानातून बाहेर पडताना ओल्या पोत्यानं पुसायला अर्धा मिनिट लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०५ प्रमाणं सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत दिवे लावणं बंधनकारक आहे. थंडीत कारखान्याच्या खेपा बहुतेक त्याच वेळात पडतात. धुईच्या सकाळी सूर्योदयानंतरही चालूच ठेवा. आणि वाटेत पंक्चर होऊन थांबलात तर मागं दगड मांडून ठेवायची सवय मोडा. ट्रॉली जाते, दगड राहतात. चमकणारा त्रिकोण घ्या आणि बराच मागं ठेवा, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाच्या आधीच दिसेल असा.

तुम्ही शेवटी विचारलंय की हंगाम संपताना ठीक असलेले लाईट दसऱ्याला का लागत नाहीत. ट्रॉली सहा-सात महिने उघड्यावर उभी, प्लग जमिनीत पडलेला, आजूबाजूला कडबा. उंदरांना वायरची साल आवडते हे तुम्हाला माहीत आहेच. हंगाम संपला की सोडता येण्याजोगी केबल, म्हणजे दांड्याचा तुकडा आणि लाईटची पट्टी, सोडून घरात खुंटीला टांगा. ट्रॉलीवर राहणाऱ्या सॉकेटचं तोंड खाली करून बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, आत घाम येऊन कीट वाढतं. जुनं सुती कापड बांधा. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या पंधरा दिवस आधी एकदा सगळे दिवे लावून बघा, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. बॉयलर पेटायच्या आठवड्यात आमच्यासारख्यांकडं रांग असते, तेव्हा कामही घाईतच होतं.

आणि दुसरं कारण, जे कुणी धरत नाही: वेल्डिंग. हंगामाआधी ट्रॉली वेल्डिंगला जाते, फाळका, दांडा, चॅनल, काही ना काही असतंच. वेल्डरचा अर्थचा चिमटा जिथं सोयीचं तिथं लावलेला असतो, कधी पार दुसऱ्या टोकाला. शे-सव्वाशे अँपिअर परतीची वाट शोधतात, आणि गंजक्या बोल्टांपेक्षा तुमची नवी कोरी अर्थची वायर त्यांना सोपी पडते. बाहेरून काही दिसत नाही, आत साल वितळून सगळ्या वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतात. ट्रॉली वेल्डिंगला लावताना प्लग ट्रॅक्टरमधून काढा, ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवणार असाल तर बॅटरीचा मायनसही सोडा, आणि वेल्डरला चिमटा वेल्डिंगच्या जागेपासून हातभर अंतरावर, घासलेल्या लोखंडावर लावायला सांगा. तुमचं मागच्या वर्षीचं वायरिंग नेमकं कधी गेलं ते आठवून बघा, वेल्डिंगच्या आधी की नंतर.